ठासणीच्या बंदुकीचं बूड सांभाळा

सोयाबीनच्या शेंगा भरायला लागल्या की वर्धा जिल्ह्यात जागलीचे दिवस सुरू होतात. सेलू तालुक्यातली बोर व्याघ्र प्रकल्पालगतची वावरं घ्या, कारंजा-आष्टीकडच्या संत्र्याच्या बागा घ्या किंवा समुद्रपूर-हिंगणघाटची पऱ्हाटी आणि तुरीची रानं घ्या; रानडुकरांचा कळप आणि रोह्यांची टोळी एका रात्रीत काय करून जाते, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. काही घरांत आजोबांच्या वेळेपासून पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक आहे. ती वर्षातले बहुतेक महिने कपाटात पडून असते आणि हंगामात एकदम आठवते. तिच्या देखभालीबद्दल मराठीत लिहिलेलं फारसं वाचायला मिळत नाही. ऐकीव सल्ले मात्र भरपूर मिळतात आणि त्यातले काही सरळ जीवावर बेतणारे असतात.

या लेखात बंदुकीच्या एकाच भागाबद्दल सविस्तर सांगायचं आहे. तो भाग म्हणजे नळीचं बूड. ठासणीच्या बंदुकीची नळी मागच्या बाजूने आटे पाडून बसवलेल्या एका पोलादी बुचाने बंद केलेली असते. कारागीर त्याला ब्रीच प्लग म्हणतात. दारू पेटली की छरे पुढे जातात आणि तेवढाच दाब या बुचावर मागे येतो. बार काढणाऱ्याचा चेहरा त्या बुचापासून जेमतेम हातभर अंतरावर असतो. आटे खाल्लेले असतील तर बूच मागे उडतं आणि थेट कपाळाच्या दिशेने येतं. म्हणून नळीचं तोंड चकचकीत ठेवण्याआधी बुडाची काळजी घ्यायला हवी.

बूच जाम का होतं आणि गंजतं का

बंदूक घडवण्यात सर्वात अवघड काम याच बुचाचं असतं. १५४३ मध्ये पोर्तुगीजांच्या बंदुका जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोहोचल्या. तिथल्या एका निष्णात लोहाराने नळी हुबेहूब घडवली, पण तिचं बूड आट्यांनी कसं बंद करायचं हे त्याला उमगेना. पुढच्या वर्षी आलेल्या एका परदेशी लोहाराकडून ती युक्ती शिकल्यावरच त्याचं काम पुरं झालं, असं जुन्या जपानी वृत्तांतात नोंदवलेलं आहे. घडवायला इतका अवघड असलेला हा सांधा बिघडायला मात्र फार काही लागत नाही.

काळी दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून अधिक भाग धूर होऊन जात नाही, तो घन स्वरूपात मागे उरतो. या काजळीत पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते हवेतलं बाष्प ओढून घेतात. बार काढल्यावर नळी तशीच ठेवली तर काही तासांत आतला थर ओलसर होतो. पावसाळी हवेत तर हे फारच लवकर घडतं. बार पेटवणाऱ्या टोपीच्या मसाल्यातूनही काही वेळा मिठासारखे क्षार मागे राहतात. ते तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून बार काढल्यावर नळीत नुसतं तेल ओतून ठेवणाऱ्याची बंदूक तेलाखालीच गंजत राहते.

बुचाचं तोंड आणि नळीची भिंत जिथे मिळते त्या कोपऱ्यात हा थर सर्वात जाड साचतो. ठासणीला गुंडाळलेली चिंधी गोल असल्यामुळे ती त्या कोपऱ्यापर्यंत पोहोचत नाही. तिथला ओलावा सांध्यातल्या केसाएवढ्या फटीतून आट्यांत शिरतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आटे एकमेकांत रुततात आणि बूच जाम होतं. बाहेरून सगळं घट्ट वाटतं, पण तो घट्टपणा गंजाचा असतो. आतलं पोलाद झिजत चाललेलं असतं.

आधी खात्री: बंदूक रिकामी आहे का

ठासणीच्या बंदुकीत काडतूस दिसत नाही, त्यामुळे नुसतं पाहून ती भरलेली आहे की रिकामी हे कळत नाही. जुन्या घरांत वर्षानुवर्षं भरूनच ठेवलेल्या बंदुका निघतात. वडिलांच्या पश्चात हाती आलेली बंदूक भरलेलीच आहे असं धरून चाला.

खात्री करायची रीत सोपी आहे. निपलवरची, म्हणजे टोपी जिच्यावर बसते त्या बुडाजवळच्या पोकळ खुंटीवरची, टोपी काढा. नळीचं तोंड माणसांपासून, गोठ्यापासून आणि घरापासून दूर, मोकळ्या सुरक्षित दिशेला ठेवा. ठासणी हळूच आत सोडा, ती बुडाला टेकली की नळीच्या तोंडाशी तिच्यावर नखाने खूण करा. मग ठासणी बाहेर काढा आणि नळीच्या बाहेरून धरून पाहा. तिचं टोक बुचाच्या जागेपर्यंत, म्हणजे निपलच्या खाली पोहोचत असेल तर नळी रिकामी आहे. दोन-चार बोटं अलीकडेच अडत असेल तर आत काहीतरी आहे. बंदूक रिकामी असताना ठासणीवर एक कायमची रेघ कोरून ठेवा. पुढे दर वेळी ती रेघ पाहिली की काम भागतं.

आत भरलेला जुना बार निघाला तर दोन गोष्टी कधीही करू नका. बूच खोलायला जाऊ नका आणि नळी तापवू नका. भरलेल्या नळीच्या बुडाला आच देणं किंवा तिच्यावर हातोडी चालवणं म्हणजे बार हातात घेऊन पेटवणं. निपलच्या छिद्रातून आणि नळीच्या तोंडातून पाणी घालून आतली दारू पूर्ण भिजवा आणि बंदूक परवानाधारक कारागिराकडे न्या. भिजलेली दारू वाळली की पुन्हा पेट घेऊ शकते, म्हणून हे काम उद्यावर टाकू नका.

बार काढल्यानंतरची सफाई

ज्या दिवशी बार काढला त्याच दिवशी सफाई करायची. रात्री जागलीवरून परतल्यावर अंगात त्राण नसतं हे खरं, पण निदान सकाळच्या चहाच्या आत हे काम व्हायला हवं. खर्च नसल्यासारखाच असतो. गरम पाणी, भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब, जुन्या सुती धोतराच्या किंवा लुगड्याच्या चिंध्या, एक जुना दातांचा ब्रश आणि थोडं तेल, एवढ्यावर भागतं.

१. बंदूक रिकामी असल्याची वरच्या रीतीने खात्री करा.

२. निपल त्याच्या मापाच्या पान्यानेच काढा. पक्कड लावली की निपलच्या कडा घसरतात आणि पुढच्या वेळी पानाही धरत नाही. निपल साबणाच्या गरम पाण्यात टाकून ठेवा.

३. नळी दस्त्यापासून सहज सुटणारी असेल तर सोडवा. खिळ्यांनी किंवा पट्ट्यांनी कायमची बसवलेली असेल तर ओढाताण करू नका. घोड्याच्या यंत्रावर आणि दस्त्यावर कोरडं फडकं गुंडाळा, म्हणजे पाणी तिकडे जाणार नाही.

४. नळीत साबणाचं गरम पाणी घाला आणि ठासणीला चिंधी लावून वरखाली करा. निपलच्या जागेतून काळं पाणी बाहेर येईल आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटेल. तो वास गंधकाच्या काजळीचा असतो. तो येईनासा होईपर्यंत आणि पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धूत राहा.

५. ठासणीला चपट्या टोकाची खरवडणी बसत असेल तर ती बुडाशी टेकवून हळूहळू गोल फिरवा. कोपऱ्यातला थर सुटतो. खरवडणी नसेल तर चिंधीची घडी ठासणीच्या टोकापुढे थोडी बाहेर काढून तीच बुडाशी दाबून फिरवा.

६. शेवटी नुसत्या कडकडीत पाण्याने नळी विसळा. नळी तापली की उरलेलं पाणी आपोआप उडतं. तरीही कोरड्या चिंध्या एकामागून एक घाला, शेवटची चिंधी जशी आत गेली तशी कोरडी बाहेर येईपर्यंत.

७. नळी कोमट असतानाच तेलाची चिंधी फिरवा. गरम पाण्याने धुतलेलं उघडं पोलाद काही मिनिटांत तांबूस होऊ लागतं, म्हणून इथे वेळ घालवू नका.

धुताना एक गोष्ट मुद्दाम पाहा. निपलची जागा बोटाने किंवा लाकडी खुंटीने बंद करा, नळी पाण्याने भरा, बाहेरून पुसून कोरडी करा आणि बुडाचा सांधा दोन मिनिटं निरखा. तिथे ओलाव्याची बारीकशी रेघ जरी उमटली, तरी बुचाचा सांधा उघडला आहे असं समजा. पाणी निघतं तिथून बार काढताना पेटती वाफही निघते. अशी बंदूक कारागिराने तपासेपर्यंत भरायची नाही.

तेल कोणतं, किती आणि कुठे

सर्वाधिक गोंधळ याच बाबतीत होतो. घरात दिसेल ते तेल लावायची सवय आपल्याकडे आहे, आणि वर्ध्यात घरात जवसाचं तेल असतंच. दस्त्याच्या लाकडाला जवसाचं तेल फार चांगलं. ते लाकडात मुरतं आणि वाळून कडक पापुद्रा धरतं. नेमक्या याच गुणामुळे ते आट्यांना घातक ठरतं. आट्यांत ते वाळतं, चिकट होतं आणि शेवटी सरसासारखं धरून बसतं. सोयाबीन आणि करडईचं तेलही हळूहळू चिकटतं. खोबरेल थंडीत थिजतं. एरंडेल वाळत नाही, पण ते फार जाड असतं आणि धूळ धरतं.

नळीच्या आतून आणि यंत्राला शिलाई मशीनचं पातळ तेल किंवा शस्त्रांसाठी मिळणारं तेल वापरा. ट्रॅक्टरमधून काढलेलं जळकं तेल मात्र कधीच लावू नका. त्यात आम्ल आणि धातूचा कीस असतो आणि ते गंजापासून राखत नाही. बंदूक महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर नळीत साध्या ग्रीसचा पातळ थर चालतो.

आट्यांसाठी, म्हणजे निपलच्या आणि सुट्या बुचाच्या आट्यांसाठी, उष्णतेला टिकणारं वंगण लागतं. बार काढताना साधं तेल जळून जातं. इंजिनच्या कामाचं सामान विकणाऱ्या दुकानात ‘अँटी-सीझ’ नावाने एक पेस्ट मिळते. तिच्यात तांबं, ॲल्युमिनियम किंवा निकेलची बारीक पूड असते. तेल जळलं तरी ही पूड दोन आट्यांमध्ये राहते आणि धातूला धातू चिकटू देत नाही. ही पेस्ट अगदी थोडी लावायची. काडीच्या टोकावर येईल तेवढी घेऊन आट्यांत पसरा आणि बाहेर आलेली पुसून टाका. टोपीची आग ज्या छिद्रातून आत जाते, तो बंदुकीचा कान. त्या कानात आणि बुचाच्या तोंडावर वंगणाचा कणही राहता कामा नये. कान बुजला तर टोपी फुटते, पण बार पेटत नाही. कधी दारू धुमसत राहते आणि उशिरा पेटते. म्हणून टोपी फुटूनही आवाज आला नाही तर नळीचं तोंड सुरक्षित दिशेला धरून मिनिटभर थांबा, लगेच बंदूक खाली आणून पाहू नका.

वंगण कमी झालं तर गंज चढतो आणि जास्त झालं तरी नुकसानच होतं. नळीत ओतलेलं तेल खाली उतरून बुडाशी साचतं. तिथे ते दारू भिजवतं, सांध्यातून दस्त्यात मुरतं आणि लाकूड मऊ करतं. पेट्रोलियम तेल काजळीत मिसळून जळलं की डांबरासारखा चिकट थर बनतो आणि पुढची सफाई दुप्पट अवघड होते. म्हणून तेल लावल्यानंतर पहिले दोन-तीन दिवस बंदूक नळीचं तोंड खाली करून जुन्या फडक्यावर टेकवून ठेवा. जास्तीचं तेल फडक्यावर उतरेल. हंगामात बंदूक भरण्याआधी आतलं सगळं तेल कोरड्या चिंध्यांनी पुसून घ्या आणि कान मोकळा आहे याची खात्री करा.

बूच कोणी खोलायचं

पीकसंरक्षणासाठी आपल्याकडे असलेल्या जुन्या धाटणीच्या बंदुकांत बूच कायमचं बसवलेलं असतं. दर सफाईला खोलण्यासाठी ते केलेलंच नसतं. ते तुम्ही खोलू नका. पाईप-पाना लावून जोर दिला तर नळी पिळवटते, बूच पूर्ण सरळ परत बसत नाही आणि आट्यांची पकड जाते. एकदा ढिलं झालेलं बूच पुन्हा पहिल्यासारखं बसवणं कसबी माणसाचं काम आहे.

गावच्या लोहाराकडे किंवा वेल्डिंगच्या दुकानात तर हे काम नेऊच नका. लोहार कितीही हुशार असला तरी परवान्याशिवाय शस्त्राची दुरुस्ती करणं शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा आहे, आणि त्या गुन्ह्यात तुम्ही त्यालाही अडकवता. शिवाय बुडाला वेल्डिंग केलं की त्या जागेच्या पोलादाचा गुण बदलतो, ते कुठे कडक तर कुठे मऊ होतं. वरून टाका भक्कम दिसतो आणि आतून नळीला तडा जातो.

दुरुस्तीचा परवाना असलेला शस्त्रकारागीर जवळ नसेल तर नागपूर किंवा अमरावतीला जावं लागेल. जाताना मूळ परवाना जवळ ठेवा, बंदूक रिकामी आणि झाकलेली असू द्या आणि बंदूक त्याच्याकडे सोडली तर क्रमांकासह पावती घ्या. कारागिराला नेमकं काय विचारायचं हे माहीत असलं म्हणजे तपासणी नीट होते. बुचाचे सगळे आटे नळीत बसलेले आहेत का? बुचाच्या तोंडावर आणि आतल्या कोपऱ्यात खड्डे पडले आहेत का? निपलची बैठक हलते का, तिचे आटे झिजले आहेत का? बुडाजवळच्या नळीला फुगवटा किंवा केसासारखी भेग आहे का? बूच खोलावंच लागलं तर तो आधी नळी आणि बूच या दोन्हींवर मिळून एक बारीक रेघ आखेल. काम झाल्यावर ती रेघ बरोबर जुळली आहे का, हे तुम्ही स्वतः पाहा. रेघ पुढे गेली असेल तर आटे ढिले आहेत. मागे राहिली असेल तर बूच पूर्ण बसलेलं नाही.

ही तपासणी कधी करायची हा प्रश्नच पडायला नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्रपरवान्याची मुदत ५ वर्षांची झाली आहे. नूतनीकरणाच्या आधीच्या उन्हाळ्यात बुडाची तपासणी करून घ्यायची असा नेम ठेवा. काही खूण दिसली तर मात्र मुदतीची वाट पाहू नका.

बूच सुटं होणारी बंदूक असेल तर

अमेरिकेत १९८५ मध्ये टोनी नाईट यांनी एमके-८५ ही बंदूक बाजारात आणली आणि बूच मागून सहज खोलता येणाऱ्या ठासणीच्या बंदुकांचा प्रसार झाला. तिथे शिकारीच्या हंगामात अशा बंदुका वापरतात. या प्रकारात बूच प्रत्येक वापरानंतर खोलायलाच हवं. आठवडाभर तसंच राहिलं तरी ते जाम होऊ शकतं.

बंदूक रिकामी असल्याची खात्री करून कंपनीच्याच पान्याने बूच काढा. ते साबणाच्या गरम पाण्यात भिजवा आणि दातांच्या ब्रशने एकेक आटा घासा. नळीतले आटेही तसेच घासा. लोक बुचाचे आटे साफ करतात आणि नळीतले विसरतात. बुचातलं छिद्र त्याच मापाच्या सुईने हाताने मोकळं करा, यंत्राने कोरून मोठं करू नका. छिद्र मोठं झालं की वाफ मागे येऊ लागते, अशा वेळी बूच बदलायचं. सगळं वाळल्यावर आट्यांना अँटी-सीझचा पातळ थर द्या. काही जण नळकाम करणाऱ्यांची टेफ्लॉन टेप वापरतात. ती वापरायची तर आवळण्याच्या दिशेने एक-दोन वेढे द्या, टोकाकडचा पहिला आटा मोकळा ठेवा आणि दर सफाईला जुनी टेप पूर्ण काढून टाका. बूच आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरवा, मग पान्याने हलकं आवळा. बोटांनी फिरत नसेल तर आट्यांत कचरा आहे किंवा आटा तिरपा धरला आहे. जोर लावू नका, काढून पुन्हा बसवा.

निपल जाम झालं असेल तर कोणत्याही बंदुकीत एकच रीत. रॉकेल किंवा डिझेलचे थेंब आट्यांच्या कडेला सोडा, रात्रभर राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी मापाच्या पान्याने हळूच हलवून पाहा. दोन-तीन दिवस असं करूनही हललं नाही तर ते काम कारागिराचं.

धोक्याच्या खुणा

यातली एकही खूण दिसली तर बंदूक बाजूला ठेवायची. बुडाच्या सांध्याभोवती काळी रेघ किंवा काजळीचा फवारा. बार काढताना गालाला किंवा मनगटाला गरम झुळूक लागणं. बूच आणि नळी यांच्यामध्ये नख अडकेल एवढी फट. दस्त्याचं लाकूड बुडाशी काळं पडून मऊ होणं. निपल बोटाने हलणं. घोडा पडल्यावर टोपीचे तुकडे मागे उडणं.

दारूही या यादीत येते. फटाक्यांतून काढलेली दारू किंवा घरी कुटलेलं मिश्रण काही जण वापरतात. फटाक्याच्या मसाल्यात वेगळी रसायनं असतात. त्यांचा दाब किती येईल याचा भरवसा नसतो आणि मागे उरणारे क्षार नळीला मिठासारखे खातात. काडतुसातली बिनधुराची दारू तर ठासणीच्या बंदुकीत कधीच चालत नाही. जुनी नळी तो दाब सोसत नाही, ती फुटते. परवान्यावर नमूद केलेली दारू परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्या आणि ती बंदुकीपासून वेगळी, कुलपात, चुलीपासून लांब ठेवा.

पावसाळा, निवडणूक आणि खंडेनवमी

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि जूनमध्ये एकदम सगळं ओलं होतं. बंदुकीच्या बुडाला हाच बदल सोसत नाही. मृगाच्या आधी बंदूक पूर्ण साफ करून, निपलच्या आट्यांना वंगण देऊन ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत, फोमच्या पेटीत किंवा चामड्याच्या म्यानात ठेवू नका. तिन्हींत ओलावा कोंडला जातो. हलकं तेल लावलेलं सुती फडकं गुंडाळून ती भिंतीपासून सुटी, कोरड्या कपाटात कुलपात ठेवा. सफाईनंतर दुसऱ्या दिवशी एक पांढरी चिंधी आत घालून पाहा, मग आठवड्याने आणि नंतर पावसाळाभर महिन्याला एकदा. चिंधीवर तांबूस डाग आला तर पुन्हा धुवा, नुसतं तेल वाढवू नका.

निवडणुकीच्या काळात शस्त्रं पोलिस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. २०२४ मध्ये वर्ध्यात २६ एप्रिलला लोकसभेचं आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं. म्हणजे एकाच वर्षात दोनदा हा प्रसंग आला, आणि दुसरा तर सोयाबीनची काढणी आणि चण्याच्या पेरणीच्या दिवसांत. जमा केलेली बंदूक कित्येक आठवडे कोणी पुसत नाही. हंगामात बार काढलेली बंदूक न धुता ठाण्यात दिली तर परत येईपर्यंत बूच गेलंच समजा. आदेश निघाल्यावर आधी पूर्ण सफाई करा, नळीत ग्रीसचा पातळ थर द्या, निपल वंगण लावून बसवा आणि मग जमा करा. पावतीवर बंदुकीचा क्रमांक आणि स्थिती लिहून घ्या. कोणाची शस्त्रं जमा करायची हे ठरवायला जिल्ह्यात छाननी समिती असते. पिकाच्या राखणीची गरज असेल तर तसा लेखी अर्ज वेळेत द्या. बंदूक परत मिळाल्यावर पहिल्यांदा ठासणीच्या रेघेची तपासणी करा आणि ग्रीस पुसून काढा.

खंडेनवमीला शस्त्रपूजा होते, ती मनोभावे करा. मात्र ओलं गंध, हळद-कुंकू आणि फुलं निपलच्या आणि बुडाच्या खाचेत अडकून राहतात, आणि त्याच जागी दसऱ्यानंतर गंजाचे ठिपके दिसतात. पूजा उतरल्यावर त्याच संध्याकाळी सगळं पुसून तेलाचा हात फिरवा.

कायद्याची चौकट

शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. तो परवाना बंदूक बाळगण्याचा असतो, जनावर मारण्याचा नसतो. रानडुक्कर आणि रोही हे दोन्ही प्राणी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली येतात. पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराबाबत कलम ११ प्रमाणे वनखात्याची परवानगी लागते. पिकाच्या नुकसानीची भरपाई मिळते, तिचा अर्ज वनखात्याकडे लगेच करावा. नळी आखूड करणं हा कलम ६ खाली गुन्हा आहे, मग ती तोंडाशी फाटली म्हणून कापलेली असली तरी. परवानाधारक वारला तर वारसाने बंदूक घरात ठेवून न घेता लवकरात लवकर पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि आपल्या नावाने परवान्याचा अर्ज करावा. देताना ती भरलेली असू शकते, हे तिथे स्पष्ट सांगावं.

बंदूक किती जुनी आहे यावर तिची सुरक्षितता ठरत नाही. बुडाचे आटे शाबूत असतील तर जुनी बंदूकही विश्वासाने हाताळता येते, आणि आटे गेले असतील तर नवीसुद्धा घातक ठरते. त्यासाठी दर बारानंतरची अर्ध्या तासाची धुलाई, काडीभर वंगण आणि ५ वर्षांतून एकदा जाणकाराची नजर, एवढंच लागतं. तुमच्या घरी परवान्याची बंदूक असेल तर या आठवड्यात ती बाहेर काढा, ती रिकामी असल्याची खात्री करा, ठासणीवर रेघ कोरा आणि बुडाचा सांधा उजेडात नीट पाहा. तिथे काळी रेघ किंवा फट दिसली तर कारागिराने पाहिल्याशिवाय ती बंदूक यंदाच्या हंगामात भरू नका, आणि घरातल्या दुसऱ्या कोणालाही भरू देऊ नका.